दुबईतील वस्त्यांची तुलना केवळ भाड्यावर नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतील दुबईतील घरांविषयीचा लेख वाचला. मराठवाड्यातून आखातात नोकरीला गेलेल्यांची संख्या पाहता या विषयाला जागा मिळाली हे योग्यच झाले. मात्र पाम जुमेरा, एमिरेट्स हिल्स यांसारख्या श्रीमंत वस्त्या आणि देरा, करामा, इंटरनॅशनल सिटी यांसारख्या परवडणाऱ्या वस्त्या यांची तुलना लेखात भाडे आणि चौरस फुटाचा दर यांपाशीच थांबते. पाणीपुरवठ्याच्या कामात उमेदीची वर्षे गेलेल्या माझ्यासारख्या वाचकाला ती अपुरी वाटते.

दुबईला नदी नाही आणि पावसाचा भरवसा नाही. नळाला येणारे जवळजवळ सगळे पाणी समुद्राचे पाणी गोडे करून मिळवलेले असते आणि हे काम प्रामुख्याने जबल अली येथे चालते. असे महागडे पाणी आधी श्रीमंतांच्या दारी आणि उरले तर इतरांकडे जात असेल, असे आपल्याकडील अनुभवावरून कोणालाही वाटेल. पण परदेशी रहिवाशांपुरते बोलायचे तर तिथे पाण्याचा दर वापराच्या टप्प्यांवर ठरतो, पत्त्यावर नाही. करामातील जुन्या इमारतीतला भाडेकरू आणि पामवरील बंगल्यातला रहिवासी यांना एकच दरपत्रक लागू असते. त्याच बिलात वार्षिक भाड्याच्या 5 टक्के इतके महापालिकेचे शुल्क महिन्यामहिन्याने विभागून येते. अनेक नव्या इमारतींत थंड हवेचे बिल स्वतंत्र भरावे लागते, तर काही ठिकाणी ते घरमालक सोसतो. त्यामुळे दोन घरांची नुसती भाडी शेजारी शेजारी मांडून काहीच कळत नाही.

मग फरक कशात आहे? माझ्या मते तो नळात नसून सांडपाण्यात आहे. इंटरनॅशनल सिटी ही मध्यम उत्पन्नाच्या भारतीयांची आवडती वस्ती अल अवीर येथील सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या जवळ आहे आणि तेथील दुर्गंधीच्या तक्रारी जुन्या आहेत. शहराचा कचरा जाळून वीज करणारा मोठा प्रकल्पही याच वस्तीच्या वरसान परिसरात उभा राहिला. दुबईतील रस्त्यांच्या कडेची हिरवळ आणि सार्वजनिक बागा प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर जगतात, ही पाहुण्यांना कौतुकाने सांगितली जाणारी गोष्ट खरी आहे. पण ते पाणी तयार होताना सुटणारा वास कोणाच्या खिडकीतून आत येतो, हे त्या कौतुकात नसते. भाडे कमी असण्यामागे असेही एक कारण असते.

दुसरा फरक अंतराचा. मेट्रोची रेड लाइन 2009 मध्ये आणि ग्रीन लाइन 2011 मध्ये सुरू झाली, त्यामुळे देरा, बर दुबई, करामा या जुन्या भागांतल्या माणसाचे गाडीवाचून चालते. इंटरनॅशनल सिटीला जोडणाऱ्या ब्लू लाइनचे उद्दिष्ट 2029 चे आहे. मेट्रो आल्यावर तेथील भाडी आजच्यासारखी राहतील, असे मला वाटत नाही.

आपल्या भागातून एजंटामार्फत जाणाऱ्या बहुतेक मुलांना मात्र वस्ती निवडण्याची मुभाच नसते. मुहैसना किंवा अल कूझ येथील कंपनीच्या खोल्यांत त्यांची सोय होते. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरील कामास बंदी आहे, ही तरतूद चांगलीच आहे; परंतु बसमधून कामावर जाण्या-येण्यात किती वेळ जाणार आणि एका खोलीत किती जण राहणार, हे निघण्यापूर्वी लेखी विचारलेले बरे. स्वतः जागा शोधणाऱ्यांनीही सावध असावे. लाकडी आडोसे घालून एका फ्लॅटच्या अनेक खोल्या करण्याच्या प्रकाराविरुद्ध दुबई महापालिकेने 2025 मध्ये अल रिग्गा, सतवा आदी भागांत मोहीम उघडली. सुरक्षिततेच्या दृष्टीने ती समर्थनीय असली तरी तुटपुंज्या पगाराचा माणूस त्यानंतर शारजाकडे सरकतो आणि रोजच्या वाहतूककोंडीत अडकतो.

हे सारे छत्रपती संभाजीनगरात बसून लिहिण्याचे कारण उघड आहे. जायकवाडीसारखे धरण हाताशी असूनही येथे नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते, गुंठेवारीतील अनेक घरे टँकरवर अवलंबून राहतात आणि पाणीपट्टी मात्र वर्षाची ठोक असते. 2018 मध्ये नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा, शहराची घाण कोणाच्या शिवारात साठते, हे सर्वांना दिसले होते. आपल्या पुरवणीत या शहरातील सातारा-देवळाई किंवा बीड बायपास भागातील 'परवडणाऱ्या' घरांविषयी लेख येतील, तेव्हा त्यांत किमतीसोबत पाण्याचा स्रोत, टँकरचा मासिक खर्च, शहर बसचा थांबा आणि कचरा किंवा सांडपाणी प्रकल्पापासूनचे अंतर या बाबीही छापाव्यात, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर