पालच्या काका-काकूंचे आभार

गेल्या रविवारी आम्ही चौघं मित्र भुसावळहून पालला गेलो होतो. रावेर तालुक्यातलं, सातपुड्यातलं सुकी नदीकाठचं हे गाव. भोवती यावल अभयारण्याचं जंगल. परतताना फोटोच्या हौसेपायी गाडी थेट नदीच्या पात्रात उतरवली (शहाणपणा माझाच) आणि चाकं वाळूत रुतली. रेस दिली तशी आणखी खोल. अंधार पडत आलेला, मोबाइलला रेंज नाही.

बैलजोडी घेऊन घरी निघालेले एक काका थांबले. काही विचारलं नाही. चाकांतली थोडी हवा सोडायला लावली, हाताने वाळू उकरली, शेतातून पऱ्हाट्यांचा भारा आणून चाकांखाली अंथरला. मग दोर बांधून बैल जुंपले. तिसऱ्या हिसक्याला गाडी बाहेर! काकांचे हात पऱ्हाट्यांनी पार ओरखडले होते. पैसे पुढे केले तर म्हणाले, "ठेवा खिशात. पहिले जेवा, मंग जा."

काकूंनी चुलीवरची गरम कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. निघताना आणखी दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या, "वाटेत भूक लागीन" म्हणत. गडबडीत नावं विचारायची राहूनच गेली.

काका, काकू, मनापासून आभार. फडकं धुऊन ठेवलंय, द्यायला येतोच.