हाडांची चर्चा कॅल्शियमपाशीच का थांबते?

महोदय,

हाडांच्या ठिसूळपणाचा विषय निघाला, की नागपुरात बोलणे कॅल्शियमच्या गोळीपाशीच थांबते. हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींना चालना देणाऱ्या संप्रेरकांकडे आणि तत्सदृश प्रथिनांकडे सहसा लक्ष जात नाही. गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींतून स्रवणारे पॅराथायरॉइड संप्रेरक आणि 1987 मध्ये कर्करोगाच्या गाठींतून वेगळे केलेले त्याच्याशी साधर्म्य असणारे प्रथिन, ही दोन्ही ऑस्टिओब्लास्टवरील एकाच ग्राहीला (रिसेप्टरला) जोडली जातात. या संप्रेरकाची पातळी सतत चढी राहिली, तर त्याच पेशी आरएएनकेएल हे प्रथिन अधिक बनवून हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना चेतवतात. उलट तेच संप्रेरक अल्प मात्रेत, दिवसातून एकदाच मिळाले, तर नवे हाड तयार होते. (निसर्गाचा हा हिशेब मला तरी विलक्षण वाटतो.) या संप्रेरकाच्या मूळ 84 अमिनो आम्लांपैकी पहिल्या 34 आम्लांचे टेरिपॅराटाइड हे इंजेक्शनचे औषध याच तत्त्वावर चालते आणि त्याला अमेरिकेत 2002 मध्ये मान्यता मिळाली. हे इंजेक्शन कोणाला आवश्यक आहे आणि कोणाला ड जीवनसत्त्व व कॅल्शियम पुरेसे आहे, याविषयी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांतील तज्ज्ञांकडून आपण आरोग्य पुरवणीत सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर