आईच्या खोलीतली फोटो-फ्रेम

स्टुटगार्ट, रविवार

प्रिय दादा आणि सौ. वहिनींस,
सप्रेम नमस्कार.

आईच्या पंचाहत्तरीला डिजिटल फोटो-फ्रेम घ्यावी का, असं विचारलंत. घ्यावी, असंच माझं मत आहे. फक्त दुकानात उभ्याउभ्या पसंत करू नका. आई पलंगावर टेकलेली असताना ती कशी दिसेल, हे मनात धरून निवडा. बऱ्याचशा फ्रेम तिथेच नापास होतात.

सगळ्यात आधी पडदा. ‘आयपीएस’ (कोणत्याही बाजूने पाहिलं तरी रंग न बदलणारा पडदा) असं लिहिलेलं असेल तरच हात लावा. स्वस्तातल्या फ्रेममध्ये टीएन जातीचा पडदा असतो. तो समोरून बरा दिसतो, पण खालून पाहिलं की चेहरे काळवंडतात, कधी रंगच उलटे दिसतात. आई आडवी होऊन कपाटावरच्या फ्रेमकडे बघणार म्हणजे नेमकी खालूनच. दुकानात चालू फ्रेम डोक्याच्या वर धरून बघितली की लगेच कळतं. पडदा चकचकीत असेल तर दुपारी फोटोऐवजी खिडकी दिसते, म्हणून मंद, चमक न मारणारा मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

माप दहा इंचांच्या खाली नको. दहा इंची फ्रेममध्ये बहुधा १२८० × ८०० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असतात. तेवढे पुरतात, जुन्या १०२४ × ६०० वाल्या घेऊ नका. आता त्यातली खरी अडचण सांगते. या पडद्याचं रुंदी-उंचीचं प्रमाण १६:१० असतं आणि मोबाइलचा फोटो ४:३ असतो. तो पूर्ण दाखवला तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. ‘पडदा भरून’ हा पर्याय ठेवला तर वरून-खालून मिळून फोटोचा सहावा हिस्सा कापला जातो, आणि वरचा भाग म्हणजे माणसांची डोकी. म्हणून सेटिंगमध्ये नेहमी ‘पूर्ण फोटो’ ठेवा. आपले जुने चार बाय सहाचे प्रिंट ३:२ प्रमाणाचे, ते जवळजवळ पट्ट्यांशिवाय बसतात. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर मुलं मोबाइल उभा धरून काढतात ते फोटो मात्र अर्ध्याहून कमी पडदा व्यापतात. त्यावर सोपा उपाय आहे. दोन उभे फोटो शेजारी शेजारी जोडून एक करा. प्रत्येकी ६०० पिक्सेल रुंद, दोन मिळून १२००, म्हणजे पडदा भरलाच.

ग्रुप फोटोंचं वेगळं आहे आणि आईला तेच सगळ्यात जास्त हवे असतात. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्याच्या ओसरीवर लग्नातली चौदा माणसं एका रांगेत उभी आहेत, असा फोटो धरा. दहा इंची पडद्याची रुंदी साडेएकवीस सेंटीमीटर. माणशी दीड सेंटीमीटर आलं आणि चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. पलंगावरून सहा फुटांवर तो कोणाचा, हे तरण्या डोळ्यांनाही कळायचं नाही. म्हणून असा फोटो एकदा अख्खा दाखवायचा आणि त्यामागे त्याचेच तीन-चार तुकडे लावायचे, एकेका तुकड्यात चार-पाच माणसं. त्यासाठी स्कॅन नीट हवा. सहा इंची प्रिंट ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केला तर १८०० पिक्सेल मिळतात. अख्ख्या फोटोला पुरतात, पण त्याचा तिसरा भाग पडदाभर ताणला की धुरकट होतो. ग्रुप फोटो ६०० वरच स्कॅन करा. बाकीचे ३०० वर चालतील.

पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत जुने फोटो काचेला चिकटलेले असतील तर ते सोलून काढू नका. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओलाव्याने चिकट होतो आणि काचेबरोबर चेहराच निघून येतो. काचेसकटच खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात मोबाइलने फोटो काढा. मोबाइलच्या मागे काळं कापड धरलं की काचेत आपलं प्रतिबिंब येत नाही.

वहिनी, हे काम तुम्हीच करू शकाल म्हणून मुद्दाम लिहिते. फ्रेम नावं सांगत नाही. कागदी फोटोच्या मागे काहीतरी लिहिलेलं असतं, इथे मागची बाजूच नाही. स्कॅन झाला की फोटोच्या खाली पांढरी पट्टी जोडून मोठ्या अक्षरात नाव, ठिकाण आणि वर्ष फोटोतच टाका. फाइलचं नाव मराठीत देऊन उपयोग नाही; पुष्कळ फ्रेम देवनागरी नावं चौकोन चौकोन दाखवतात, काही ती फाइल उघडतच नाहीत. फाइलला नुसते आकडे द्या. नावं मात्र आईला विचारून आत्ताच लिहून घ्या. डावीकडून तिसरी बाई कोण, हे सांगणारं घरात आता तीच आहे. मूळ फोटोच्या मागे लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो.

आता वायफायची की मेमरी कार्डाची? वायफायची असेल तर मी इथून फोटो पाठवला की मिनिटभरात आईसमोर येईल, आणि हा फायदा काही लहान नाही. पण ती फ्रेम कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असते. उद्या कंपनीने सेवा बंद केली किंवा वर्षाची वर्गणी मागायला सुरुवात केली, की आपल्या हातात नुसता पडदा उरतो. म्हणून वायफाय असलेली पण कार्ड किंवा पेनड्राइव्हही घेणारी बघा. घरी आणल्यावर परत करायची मुदत संपण्याआधी एक चाचणी घ्या: राउटर बंद करायचा, फ्रेमचा प्लग काढून पुन्हा लावायचा. आतले फोटो आपोआप सुरू झाले तर ठेवा, नाहीतर परत करा. राउटरचं वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन लहरींवर असतं; बऱ्याच फ्रेम २.४ चंच पकडतात, त्यामुळे ५ चं नाव यादीत दिसलं नाही तर फ्रेम बिघडली असं समजू नका. आणि तिला घरच्या मुख्य नेटवर्कवर न घेता राउटरच्या ‘गेस्ट’, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या, नेटवर्कवर जोडा. स्वस्त फ्रेममधलं अँड्रॉइड जुनं असतं आणि त्याची दुरुस्ती कधी येत नाही. २००८ च्या सुरुवातीला अमेरिकेत विकलेल्या काही फ्रेममध्ये कारखान्यातूनच व्हायरस आल्याचं उघड झालं होतं. जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये तो शिरायचा. दादा, तू बँकेची कामं करतोस तो लॅपटॉप फ्रेमला जोडू नकोस, फोटो कार्डानेच ने.

कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्या आणि एफएटी ३२ या पद्धतीत फॉरमॅट करा. ६४ चं कार्ड वेगळ्या फॉरमॅटमध्ये येतं आणि बऱ्याच फ्रेम ते वाचत नाहीत. फोटो जेपीजीच हवेत. आयफोन २०१७ पासून एचईआयसी फॉरमॅटमध्ये साठवतो, तो फ्रेमला उघडत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन ‘मोस्ट कंपॅटिबल’ करायचं. फोटो आडवा पडला तर कॉम्प्युटरवर उघडून एक वळसा देऊन पुन्हा सेव्ह करा, कारण मोबाइल फोटो न वळवता नुसती वळवण्याची खूण ठेवतो आणि साध्या फ्रेमला ती खूण कळत नाही. मोठी बाजू १९२० पिक्सेलवर आणली की एक फोटो जेमतेम अर्धा एमबी होतो, फ्रेमही अडखळत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो साधारण १६०० पिक्सेलचे असतात, फ्रेमला पुरतात. मोठे प्रिंट काढायला पुरत नाहीत, म्हणून मूळ फोटो हवेच. फ्रेमला साठवणीची जागा मानू नका. मूळ फोटो एका हार्ड डिस्कवर आणि एक प्रत दुसऱ्या घरी, किंवा माझ्याकडे.

फोटो बदलण्याचा वेळ कारखान्यातून तीन ते पाच सेकंद ठेवलेला असतो. तो एक मिनिट करा. ओळखून, आठवून मग हसायला आईला तेवढा वेळ लागणारच. पाच-सहाशे फोटो पुष्कळ झाले. गरगर फिरत येणारे सगळे परिणाम बंद.

वीज महिन्याला चार युनिटांच्या आत लागते, त्याची चिंता नको. चिंता वीज जाऊन आल्यावरची. साध्या फ्रेमचं घड्याळ शून्यावर जातं, मग रात्री बंद होण्याची वेळ चुकते आणि दोन वाजता खोलीत उजेड पडतो. अशा फ्रेमला भिंतीवरचा वेगळा टायमर लावा किंवा सरळ स्विचने बंद करा. रात्री बंद ठेवणं पडद्यासाठीही चांगलं. मागच्या एलईडीचा उजेड साधारण वीस ते तीस हजार तासांत निम्मा होतो. रोज पंधरा तास चालवली तर ती चार-पाच वर्षं नीट टिकेल, अखंड चालवली तर दोन-तीनच. माणसाची हालचाल बघून चालू-बंद होणारी फ्रेम आईसाठी नको. ती शांत बसली की फ्रेमला वाटतं खोलीत कोणी नाही. शिवाय त्यातला सेन्सर अंगाची आणि खोलीची उष्णता ताडून बघतो. बडोद्याच्या मे महिन्यात तो फरकच उरत नाही.

सगळ्यात आधी बिघडतो तो ॲडॅप्टर. त्यावर ५ व्होल्ट २ अँपिअर किंवा १२ व्होल्ट असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्याचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. पाचच्या जागी बाराचा लावला तर फ्रेम क्षणात जळते, आणि पिना दिसायला सारख्याच असतात. पश्चिमेच्या भिंतीवर आणि देवघराच्या जवळ लावू नका. ऊन आणि समईची काजळी दोन्ही पडद्याला वाईट.

जुना टॅबलेट वापरता येईल असं बाबू म्हणत होता. येईल, पण सतत चार्जरवर राहून त्याची बॅटरी फुगते. आईच्या उशाशी मला ते नको.

मी इथून फ्रेम पाठवत नाही. पार्सलवर तिकडे सीमाशुल्क भरावं लागेल आणि गॅरंटीही इथलीच राहील. तिथेच घ्या, पैसे मी पाठवते. त्याआधी एवढं मोजून कळवा: आईच्या उशीपासून कपाटापर्यंतचं अंतर, कपाटापासून प्लगपर्यंतचं अंतर (वायर बहुधा दीड मीटरच असते), आणि खिडकी पलंगाच्या कोणत्या बाजूला आहे ते. ओसरीवरच्या फोटोचा स्कॅन झाला की मला पाठवा, तुकडे आणि पट्ट्या मी करून देते. नावं वहिनींनी आईकडून घ्यावीत.

आईला साष्टांग नमस्कार. मुलांना गोड पापा.

तुमची,
मनू