नफा वाढला, मग बँक रिकामी का?

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

प्लांट मॅनेजर झाल्यापासून तुझं एकच रडगाणं ऐकतेय: महिन्याच्या मीटिंगमध्ये फायनान्सवाले बोलतात ते डोक्यावरून जातं. कोर्स लावणार म्हणतोस, जरूर लाव. पण भोसरीतल्या कारखान्यात आधी वह्या आणि मग टॅली सांभाळत केस पांढरे केलेल्या आईचंही थोडं ऐक.

डेबिट-क्रेडिटच्या नोंदींत फार अडकू नकोस, त्यासाठी तुमच्याकडे माणसं आहेत. तुझ्या निर्णयाने कुठला आकडा हलतो, तेवढं तुला कळायला हवं.

परवा म्हणालास, "मशीन रिकामं ठेवायचं नाही, जास्त माल काढला की नगामागचा खर्च उतरतो." मांडून बघ. शेडचं भाडं, पगार वगैरे कारखान्याचा स्थिर खर्च महिन्याला 10 लाख धर. नगाला कच्चा माल आणि वीज मिळून 200 रुपये, विक्री 350 ला. 10,000 नग काढले आणि सगळे विकले, तर स्थिर खर्च नगामागे 100 आणि नफा 5 लाख. आता 12,500 काढ, विक्री मात्र तेवढीच. स्थिर खर्च नगामागे 80 वर येतो आणि नफा 7 लाख दिसतो. मीटिंगमध्ये तुझं कौतुक! पण उरलेल्या 2,500 नगांवर घातलेले 5 लाख गोदामात पडलेत, आणि भाडं-पगारातले 2 लाखही त्यांच्याबरोबर ताळेबंदात 'साठा' म्हणून जाऊन बसलेत; माल विकला जाईपर्यंत ते खर्चात धरत नाहीत. म्हणजे नफा 2 लाखांनी वर, हातातली रोकड 5 लाखांनी खाली. यात कुणाची लबाडी नाही, नियमाप्रमाणेच आहे सगळं. पुढे तो माल पडेल भावात काढावा लागला की तोटा दिसतो, आणि तोवर मॅनेजरची बहुधा बदली झालेली असते.

विक्रीचंही तेच. बिल फाडलं की नफा-तोटा पत्रकात विक्री आली, मग गिऱ्हाईक 90 दिवसांनी पैसे का देईना. जीएसटी मात्र तेवढं थांबत नाही; दरमहा रिटर्न असेल तर साधारणपणे पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावाच लागतो. म्हणून सेल्सवाल्यांनी उधारीची मुदत वाढवली की तू कान टवकारायचे.

देण्यांत हात आखडून रोकड वाचवू, असंही मनात आणू नकोस. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराला कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांतच. उशीर केला तर चक्रवाढ व्याज. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून, मुदत चुकवलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरली जात नाही. तुझा माल मशीनिंग करून देणारे बहुतेक असेच छोटे लोक असणार.

घसारा, म्हणजे मशीन वगैरेच्या किमतीतला दरवर्षी खर्चात धरायचा वाटा, आणि कर्जाचे हप्ते यांचा घोळ फोनवर सांगेन. तूर्त एवढंच धर: घसाऱ्याने नफा कमी होतो पण त्या महिन्यात पैसे जात नाहीत, हप्त्यातल्या मुद्दलाचं नेमकं उलटं.

सोमवारी अकाउंट्समधून तयार मालाची वयानुसार यादी मागून घे. 90 दिवसांपेक्षा जुना किती, ते बघ आणि मला कळव. रविवारी सकाळी फोन करू नकोस, सोसायटीची सभा आहे आणि हिशेब मलाच वाचायचे आहेत.

तुझी आई