सारंगकाका, आप्पांना दर वेळी परत आणल्याबद्दल

तीर्थस्वरूप सारंगकाका यांस साष्टांग नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही जाताना बजावलंत, म्हणून आप्पा तुम्हाला ज्या नावाने हाक मारायचे तेच वापरते. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. आप्पा गेल्यावर त्यांच्याबद्दल खूप जण बोलले, तुमच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आम्हीही नाही. आम्हाला काही माहीतच नव्हतं.

गंधमुक्तीच्या दिवशी तुम्ही मंडपाच्या कडेला चपला काढून उभे होतात. भावाने विचारलं, कुठले पाव्हणे? तुम्ही म्हणालात, "उरणहून आलो. साहेबांच्या लाँचवर होतो." रात्रीच्या गाडीने जळगाव, तिथून चोपड्याची एसटी, पुढे रिक्षा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने एवढा प्रवास केला, आणि तो कशासाठी, हे संध्याकाळपर्यंत आम्हाला कळलं नाही. 'लाँच' शब्द कानावर पडताच आई मात्र आतून उठून बाहेर आली, तेवढं लक्षात आहे.

आमच्या गावात अजूनही काही जणांना वाटतं की आप्पा विमान चालवायचे. पायलट म्हटल्यावर दुसरं काय वाटणार! तापीकाठच्या केळीच्या गावातला पोरगा मॅट्रिकनंतर मुंबईला 'डफरिन' या शिकाऊ जहाजावर जातो, मग वर्षानुवर्षं बोटीवर, मग मास्टरची परीक्षा, आणि शेवटी मुंबई बंदराचा पायलट होतो, हे गावाच्या डोक्यात बसायला वेळ लागला. मी शाळेत असताना मैत्रिणींना असं समजवायचे : परदेशी जहाजाचा कॅप्टन सगळे समुद्र पालथे घालून येतो, पण आपल्या बंदरातला गाळ कुठे साचलाय, ओहोटीची ओढ कुठे आहे, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून तो बाहेर थांबतो आणि ठाऊक असलेला माणूस बंदरातून लाँचने जाऊन वर चढतो. जहाज कॅप्टनचंच राहतं, जबाबदारीही त्याचीच. पायलट शेजारी उभं राहून सांगतो, किती वळवायचं, किती हळू जायचं. मुंबईला उधाणाचं पाणी साडेचार-पाच मीटर चढतं. 1914 साली बांधून झालेल्या इंदिरा गोदीचं लॉक साधारण साडेतीस मीटर रुंद. त्यातून मोठं जहाज दोन्ही बाजूंना न घासता आत न्यायचं. आमच्या स्वयंपाकघरात देवाच्या कॅलेंडरशेजारी भरती-ओहोटीचं वेळापत्रक टांगलेलं असायचं. दिवाळीच्या पहाटे आप्पा घरी असतील की नाही, हे आई त्यात बघून सांगायची.

एवढं सगळं माहीत होतं. शिडीचं मात्र माहीत नव्हतं.

ते तुम्ही सांगितलंत, ओसरीवर, चहा घेताना. जहाजाच्या कुशीला दोराची शिडी सोडलेली असते, लाकडी पायऱ्यांची, खालच्या चार बहुधा रबराच्या. चढण 9 मीटरपेक्षा जास्त असेल तर दोरशिडीला जहाजाचा तिरका जिना जोडायचा असा नियम आहे, म्हणजे 9 मीटरपर्यंत सगळं त्या दोरावरच. पायलट चढताना जहाज थांबत नाही. लाँच त्याला चिकटून त्याच्याच वेगाने धावते. लाटेबरोबर लाँच वर जाते, तिथे एक क्षण थबकते, आणि नेमका त्याच क्षणी पायलटने शिडी धरून दोन-तीन पायऱ्या वर सरकायचं. खाली रेंगाळला तर पुढच्या लाटेवर उसळणारी लाँच पाय चिरडते. उतरतानाही तसंच. "साहेबांना पाठ जहाजाकडे करता येत नाही, बाय. खाली काय आहे ते त्यांना दिसत नाही. ते माझ्या आवाजावर पाय सोडतात." असं तुम्ही म्हणालात, आणि आई पदराने डोळे पुसायला लागली.

मग मी तुमच्या कपाकडे बघितलं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वळत नव्हती. कपाच्या कानाबाहेर ती सरळ ताठ राहिली होती. मी विचारलं नसतं तर तुम्ही सांगितलंही नसतं.

ती जुलैची रात्र होती. जहाजाची शिडी वरून धड दिसत होती, आतून दोर कुजलेला होता. सहा-सात पायऱ्या उरलेल्या असताना एका बाजूचा दोर तुटला आणि आप्पा जहाज आणि लाँच यांच्या मधल्या पाण्यात पडले. तुम्ही आधी लाँचची मागची बाजू त्यांच्यापासून दूर फिरवलीत, मगच इंजिन न्यूट्रलला टाकलंत. "पंखा खाली फिरत असतो ना," एवढंच बोललात आणि थांबलात. तुमच्या खलाशाने लाइफ जॅकेटची कॉलर पकडली, तुम्ही दंड धरलात. त्या ओढाओढीत लाँच जहाजावर आपटली आणि कठड्यावरचा तुमचा हात मध्ये सापडला. दुसरा हात तुम्ही सोडला नाहीत.

त्या रात्री आप्पा लंगडत घरी आले होते. जिन्यावर पाय मुरगळला, म्हणाले. मी दहावीत होते. अंगाला आयोडेक्स चोळून देताना मी त्यांना रागावले होते, बघून चालत जा म्हणून. "साहेबांनी मला शपथ घातली होती, लेकीचं दहावीचं वर्ष आहे, घरात बोलायचं नाही," हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला तो आयोडेक्सचा वास आला, काका. खरंच आला.

आता पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. दर दिवाळीला आप्पा एकटे उरणला का जायचे, फराळाचा एक डबा वेगळा का काढून ठेवायला लावायचे. आई रागवायची, कोण एवढं मोठं आहे तिकडे! तिला वाटायचं, ऑफिसचं काहीतरी असेल. ड्यूटीला जाताना कळण्याच्या भाकरी दोन जास्त का लागायच्या, हेही समजलं. त्या रात्रीनंतर कामावर परतले त्या पहिल्या दिवशी आप्पा शिडीला हात लावून उभेच राहिले, पाय उचलेना. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त लाँच तशीच धरून ठेवलीत. तिसऱ्या लाटेला ते चढले. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नसतं. घाबरलेले आप्पा आम्ही बघितलेच नाहीत. ते कसे होते हे तुमच्यामुळे कळलं, आणि मला ते पूर्वीपेक्षा जास्त जवळचे वाटायला लागले.

आणि ते 'येस'! खाली उतरायच्या आधी आप्पा वॉकीटॉकीवर तुम्हाला म्हणायचे, "येस रे भो." अहिराणीत येस म्हणजे येतो. जहाजावरच्या परदेशी कॅप्टनांना वाटायचं, पायलट इंग्रजीत यस म्हणतोय. उरणच्या कोळ्याला मात्र त्याचा अर्थ बरोबर कळायचा. तुम्ही तो शब्द आप्पांच्या सुरात म्हणून दाखवलात तेव्हा आई बारा दिवसांत पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही केळीच्या वाफ्यांतून एकटेच फिरून आलात. घडाच्या ओझ्याने झाड कलंडू नये म्हणून आम्ही दोरीने बांधतो, ते बघत होतात. निवृत्तीनंतर गावी आल्यापासून आप्पा त्या सगळ्या गाठी स्वतः मारायचे. कितीही ओढ बसली तरी फास आवळत नाही आणि सोडायची म्हटली की झटक्यात सुटते. सालदार त्याला जहाजाची गाठ म्हणतात. तुम्ही एका गाठीवर बोट ठेवलंत. दोरीचं टोक शेवटी आणखी एकदा आतून काढलेलं होतं. "हे माझं आहे," म्हणालात. "साहेबांना मी शिकवलं. ओली दोरी सरकते म्हणून." इतकी वर्षं तुमच्या हातची गाठ आमच्या मळ्यात होती.

तुम्हाला मी काय देणार? आप्पा जगले म्हणून माझ्या लग्नात कन्यादानाला ते पाटावर बसले, माझ्या मुलाला त्यांनी तापीत पोहायला शिकवलं, आणि शेवटची चौदा वर्षं ते आईबरोबर रोज संध्याकाळी ओसरीवर बसले. त्याआधी अशा निवांत संध्याकाळी तिच्या वाट्याला फार थोड्या आल्या होत्या. यातलं सगळं त्या रात्री तुमच्या एका हातात होतं. त्या हाताला माझा नमस्कार. कॉलर पकडणारे तुमचे खलाशी आता नाहीत असं कळलं, त्यांच्या घरच्यांपर्यंत हा निरोप पोहोचवा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी सगळ्या जमतो. या वर्षी काकूंना घेऊन या. आईने सांगितलंय, खापरावरच्या पुरणपोळ्या तिच्या हातच्या. जळगाव स्टेशनवर भाऊ गाडी घेऊन उभा राहील, एसटीने यायचं नाही. निघालात की आईच्या फोनवर फोन करा. बाकी काही बोलू नका, फक्त "येस" म्हणा.

तुमची,
आप्पांची थोरली लेक