३०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर घरात वाय-फाय न टिकण्याबाबत आणि तपासणी न करता तक्रार बंद केल्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ब्रॉडबँड सेवा विभाग,
पुणे.

महोदय,

मी आपल्या कंपनीच्या फायबर ब्रॉडबँडची ग्राहक असून सिंहगड रस्त्यावरील एका गृहसंकुलात राहते. माझा प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, वर्षभराचे पैसे मी एकरकमी भरलेले आहेत, आणि फायबरमधून घरापर्यंत येणाऱ्या वेगाबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करते. तक्रार आहे ती आपण बसवलेल्या उपकरणातून (फायबरची तार जोडलेल्या राउटरमधून) घरात मिळणाऱ्या वाय-फायबद्दल, आणि त्या वाय-फायची एकदाही तपासणी न करता माझी तक्रार ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून पुन्हा पुन्हा बंद केली जाते, त्याबद्दल.

मी दहावीच्या विद्यार्थ्यांना घरून ऑनलाइन गणित शिकवते. वर्ग संध्याकाळी असतो, आणि नेमक्या त्याच वेळी आतल्या खोलीतले नेट कोलमडते. माझा आवाज तुटतो, प्रमेयाची एक पायरी मुलांना दिसते आणि पुढची दिसतच नाही. फोनवर वाय-फायची रेंज मात्र पूर्ण दिसत असते. जोडणी तुटल्याची कुठलीही खूण नसते, तरी साधे पान उघडत नाही. परीक्षा तोंडावर आलेल्या मुलांचा वेळ असा वाया जाताना पाहून मला फार वाईट वाटते.

आपले तंत्रज्ञ आले, त्यांनी उपकरणाच्या लॅन पोर्टला लॅपटॉप केबलने जोडून वेग मोजला आणि तो २९० एमबीपीएसच्या वर भरला. फायबरवरील सिग्नल त्यांनी उणे १९ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे एकक; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण) मोजला, जो उत्तम आहे, कारण अशी उपकरणे साधारण उणे २७ पर्यंतच्या सिग्नलवर व्यवस्थित चालतात. ‘लाइन क्लिअर आहे, मॅडम,’ असे म्हणून त्यांनी तक्रार बंद करण्यासाठी ओटीपी मागितला. आतल्या खोलीत येऊन एकदा तिथला वेग मोजा, अशी विनंती मी केली, तेव्हा वाय-फाय आमच्या कामात येत नाही, असे उत्तर मिळाले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना जे मोजायला सांगून पाठवले होते, ते त्यांनी नीट मोजले. मी ओटीपी दिला नाही, तरीही त्याच रात्री तक्रार बंद झाल्याचा संदेश आला.

त्यानंतर मी स्वतः एक साधी चाचणी केली, आणि तिच्याकडे आपल्या तांत्रिक विभागाने लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. आतल्या खोलीतून लॅपटॉपवर वाय-फायने थेट आपल्या उपकरणालाच, म्हणजे १९२.१६८.१.१ या पत्त्यावर, सलग पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो हे मोजणारी चाचणी) लावून ठेवला. दुपारी उत्तर दोन ते चार मिलीसेकंदांत येत होते. संध्याकाळी तोच आकडा चारशे-पाचशेवर जाऊ लागला आणि मध्येच कित्येक ओळी उत्तराविनाच गेल्या. त्याच वेळी केबलने जोडलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून बाहेरच्या सर्व्हरला लावलेला पिंग एकदाही हलला नाही. याचा अर्थ उघड आहे: बिघाड आपल्या केंद्रापासून माझ्या दारापर्यंतच्या वाटेत नसून उपकरण आणि आतली खोली यांच्यामधल्या काही मीटरांत आहे. दोन्ही लॅपटॉपच्या पडद्यांचे फोटो या पत्रासोबत जोडले आहेत.

कारण शोधायला फार खोलात जावे लागले नाही. आपण दिलेले उपकरण वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओ पट्ट्यावर चालते. त्याच्या खोक्यावर ३०० एमबीपीएस असे छापलेले आहे आणि माझा प्लॅनही ३०० चाच आहे, त्यामुळे ग्राहकाला दोन्ही एकच वाटतात. प्रत्यक्षात खोक्यावरचा आकडा दोन अँटेना आणि ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल (पट्ट्याचा वापरला जाणारा भाग) धरून काढलेला, कागदावरचा कमाल वेग आहे. २० मेगाहर्ट्झवर तो १४४ च्या आसपास येतो आणि हातात पडतो तो त्याच्याही निम्मा. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. आमच्या इमारतीत संध्याकाळी फोनवरील ॲपमध्ये शेजाऱ्यांच्या नेटवर्कची यादी पडदा भरून खाली जाते, आणि या गर्दीत आपले उपकरण ४० मेगाहर्ट्झ रुंदी लावून जवळजवळ निम्मा पट्टा अडवून बसते. त्याने शेजाऱ्यांनाही त्रास होतो आणि मलाही. सगळे घरी परतल्यावर नेट का कोलमडते, याचे उत्तर इथे आहे.

कस्टमर केअरने मला ‘चॅनेल बदलून पाहा’ असे सुचवले. परंतु सेटिंगचे पान उघडणारा पासवर्ड कंपनी ग्राहकाला देत नाही, हेही त्यांनीच सांगितले. पुढे ५०० एमबीपीएसचा प्लॅन घेण्याचा सल्ला मिळाला, जो मला अत्यंत गैर वाटतो. ३०० चा वेग जिथे खोलीपर्यंत पोहोचत नाही तिथे ५०० चा पोहोचणार नाही, हे कंपनीला माहीत नसेल यावर विश्वास बसत नाही. दरमहा भाडे घेऊन एक्स्टेंडर (वाय-फाय पकडून पुढच्या खोलीत पाठवणारे उपकरण) देण्याचा प्रस्तावही आला. तो याच २.४ गिगाहर्ट्झवर, एकाच रेडिओवरून घेणार आणि त्याच रेडिओवरून पुढे पाठवणार, म्हणजे आहे तो वेगही साधारण निम्म्यावर येणार.

उपकरणाची जागा हा दुसरा भाग आहे. फायबरची तार मुख्य दाराशी आत येते म्हणून ते दारामागे, विजेच्या लोखंडी पेटीला खेटून, चपलांच्या कपाटावर बसवले गेले. तिथून आतल्या खोलीपर्यंत काँक्रीटचा एक जाड खांब, फ्रिज आणि न्हाणीघराच्या टाइल लावलेल्या भिंती आड येतात. जोडणीच्या दिवशीच मी ते पॅसेजमध्ये, घराच्या मध्यावर बसवा असे म्हटले होते. तेव्हा जास्तीची तार मिळत नाही, असे सांगण्यात आले.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, ५ गिगाहर्ट्झ या कमी गर्दीच्या पट्ट्यावरही चालणारे उपकरण मला प्लॅनच्या याच दरात द्यावे आणि ते पॅसेजमध्ये बसवावे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती कमी भेदतात, त्यामुळे नुसते उपकरण बदलून जुन्याच जागी ठेवले तर उपयोग होणार नाही. तोपर्यंत सध्याच्या उपकरणाची रुंदी २० मेगाहर्ट्झ करावी, किंवा ते ब्रिज मोडमध्ये (म्हणजे ते फक्त फायबरचे नेट पुढे देईल) टाकून मला स्वतःचा राउटर वापरू द्यावा. तंत्रज्ञाला संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान पाठवून प्रत्येक खोलीतील मोजणी भेटीच्या अहवालात लिहून घ्यावी, आणि ओटीपीशिवाय माझी तक्रार कोणी व का बंद केली, याचा लेखी खुलासा द्यावा.

या पत्राचा नवा तक्रार क्रमांक मला कळवावा. समाधानकारक उत्तर न आल्यास मी दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार आपल्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील दाखल करीन. त्यावर ३९ दिवसांत निर्णय देणे बंधनकारक आहे, याची आपल्याला कल्पना असेलच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवा’ या व्याख्येत दूरसंचाराचा स्पष्ट उल्लेख असल्याने जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही मी खुला ठेवला आहे.

तंत्रज्ञांच्या भेटीची वेळ आदल्या दिवशी फोन करून कळवावी, म्हणजे त्या संध्याकाळचा वर्ग मला पुढे ढकलता येईल.

आपली विश्वासू,
एक ग्राहक,
सिंहगड रस्ता, पुणे

सोबत: पिंग चाचणीचे फोटो, वाय-फाय ॲपमधील चॅनेलचे चित्र, तक्रार बंद झाल्याच्या संदेशांच्या प्रती