हिलोच्या आंटींना थँक्यू

प्रिय आंटी,

हे मराठीत लिहितेय म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही, तुमची लेक ट्रान्सलेटमध्ये टाकून काहीतरी भलतंच वाचून दाखवेल आणि दोघी हसत बसाल, बसा खुशाल. थँक्यू तुम्हालाच म्हणायचंय, पण ते ऐकवायचंय आमच्या इकडच्या लोकांना. अमेरिकेत शिकायला गेलेले म्हटलं की पहिला प्रश्न, तिकडे आपली माणसं होती का, आणि मी हो म्हटलं की लगेच मराठी मंडळाची चौकशी सुरू. मंडळबिंडळ काही नव्हतं. हवाईची पोरं होती आणि त्यांच्या मागे तिकडच्या हिलो शहरातल्या तुम्ही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पोर्टलंडच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर फॉरेस्ट ग्रोव्ह म्हणून छोटं गाव आहे आणि तिथल्या पॅसिफिक युनिव्हर्सिटीत हवाईहून खूप मुलं येतात, वर्षानुवर्षं येतायत, कोणाची ताई तिथे शिकलेली, कोणाचे काका. घर विमानाने पाच-साडेपाच तासांवर आणि तिकीट असलं महाग की थँक्सगिव्हिंगच्या चार दिवसांसाठी कोणी जात नाही, कॅम्पस ओस पडतं आणि उरतो आम्ही परदेशी आणि ही पोरं. कागदावर ती अमेरिकनच, 1959 पासून हवाई हे त्यांचं पन्नासावं राज्य, पण बाकीची मुलं त्यांना विचारणार, तिकडे डॉलर चालतात का, गवताच्या झोपडीत राहता का, शाळेत सर्फिंग करत जाता का. मला हत्तीबद्दल विचारायचे. आमचं तिथेच जमलं.

त्यात परत हवाईहून आलेला प्रत्येक जण हवाईयन नसतो हे मला तुमच्या लेकीने पहिल्याच आठवड्यात नीट बसवून समजावलं. हवाईयन म्हणजे मूळ तिथल्या वंशाचे, बाकी पिढ्यानपिढ्या राहिलेले जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज ते लोकल. तुमच्या घरात अंकल हवाईयन आणि तुमचे पणजोबा उसाच्या मळ्यात मजुरीला आलेले जपानी, त्यामुळे तिला कोणी सहज विचारलं की तू नेमकी कोण, तर ती आधी खुर्ची ओढून बसायची.

आता मुद्द्याचं, तुमचे खोके. टपालाचा तो फ्लॅट रेट बॉक्स, ज्यात मावेल ते कोंबा, हिलोहून पाठवा नाहीतर शेजारच्या गल्लीतून, पैसे तेवढेच, वजन सत्तर पाउंडांपर्यंत चालतं. आणि तुम्ही खरंच कोंबायचात. सैमिन नूडल्सची पाकिटं, नोरी (समुद्री शेवाळाचे कागद), भातावर भुरभुरायचं फुरिकाके, मोची क्रंच हे तांदळाचे कुरकुरीत तुकडे, सुकवलेला आंबा (ताजा आंबा किंवा पेरू घरून आणायची सोय नाही, फळमाशीमुळे एअरपोर्टवरच शेतीखात्याचे लोक काढून ठेवतात) आणि लि हिंग मुईची, म्हणजे खारवून सुकवलेल्या प्लमची, ती लाल पावडर, आंबट-गोड-खारट, जी आपण पेरूवर चाट मसाला टाकतो तशी तुमची पोरं सफरचंदावर, अननसावर, अगदी गमी बेअरवरसुद्धा टाकतात. पहिल्या खोक्यावर एकच नाव होतं. दुसऱ्यापासून जाड मार्करने दोन नावं, लेकीचं आणि खाली माझं, स्पेलिंग चुकलेलं, आणि ते शेवटपर्यंत तसंच चुकलेलं राहिलं कारण मी कधी सांगितलंच नाही, मला आवडायचं ते.

मी डुक्कर खात नाही हे तिने तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून काही चर्चा नाही, भाषण नाही, फक्त विचारलंत, अंडं चालतं? मग स्पॅम मुसुबीच्या (भातावर डब्यातल्या डुकराच्या मांसाची चकती, वरून नोरी) साच्यात माझ्यासाठी ऑम्लेटची जाड वडी घालायची हे तुम्ही तिला व्हिडिओ कॉलवर शिकवलंत. लाउंजमधला राइस कुकर दिवसभर चालूच असायचा आणि दाराबाहेर चपलांचा ढीग, त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये चपला बाहेर काढून आत जाणारे फक्त आम्हीच. फोनवर तुमचं पहिलं वाक्य कायम, जेवलीस का? अभ्यास, मार्क, हवा सगळं नंतर. आमच्याकडेही असंच असतं म्हणून मी दोन वेळा जेवण सांगायचे, एकदा आईला, एकदा तुम्हाला.

नोव्हेंबरनंतरचा तिथला पाऊस मात्र बेकार. हिलो म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त पावसाच्या शहरांपैकी एक, तुमच्या लेकीला पावसाचं काय कौतुक असणार, पण तो ऊबदार पाऊस, आणि इकडे ही थंड रिपरिप, पाच वाजायच्या आधीच अंधार. पहिल्या हिवाळ्यात ती बॅग भरायच्या बेतात होती, मीही होते. तुम्ही तिला ये म्हणाला नाहीत आणि राहा पण म्हणाला नाहीत, एप्रिलपर्यंत थांब, लुआउ झाल्यावर बघू, एवढंच. ही मला तुमची सगळ्यात हुशार चाल वाटते, अजूनही.

कारण लुआउला तुम्हीच आलात. तिथल्या हवाई क्लबचा तो वर्षाचा मोठा कार्यक्रम, आईवडील फुलं, पानं घेऊन येतात, आणि हवाईचा नसलेलाही नाचात घुसू शकतो, मी घुसले. पण माझं खरं काम किचनमध्ये. लाउलाउसाठी, म्हणजे अळूच्या पानांत मांस गुंडाळून वाफवतात त्यासाठी, पानांचा ढीग पडलेला आणि मेनलँडची, म्हणजे मुख्य अमेरिकेतली, मुलं ती कशी धरायची ते बघतायत, मी सुरी घेऊन देठ कापले, मागच्या शिरा सोलल्या, पानावर पान ठेवलं, आणि तुम्ही हातातलं काम थांबवून बघत राहिलात. म्हटलं आमच्याकडे वड्या करतात याच्या. खाजेवरचा उपाय फक्त वेगळा, आम्ही चिंच घालतो, तुम्ही तासन् तास वाफवता. मग तुम्ही मला सगळ्यांची इनचार्ज करून टाकलंत. माझ्यासाठी चिकनचे लाउलाउ वेगळे बांधले, वर टी नावाच्या झाडाची (चहाची नव्हे) पानं आणि ओळखायला लाल दोरा. शेकडो पांढऱ्या दोऱ्यांमध्ये ते चार लाल. त्यानंतर बॅग भरायचा विषय दोघींनीही काढला नाही.

आणि ग्रॅज्युएशन. आईबाबांना व्हिसाची तारीख मिळाली ती कार्यक्रम होऊन गेल्यानंतरची, त्यामुळे माझ्या नावाच्या खुर्च्या रिकाम्या राहणार होत्या. तिथे तुम्ही, अंकल, दोन मावश्या आणि कोणाचे कोण ते मला अजून माहीत नाही असे तीन जण बसलात आणि माझं नाव पुकारल्यावर स्वतःच्या पोरीसाठी ओरडलात तेवढंच ओरडलात. मग लेइ, म्हणजे गळ्यात घालायचे हार. चाफ्याची, ऑर्किडची, टीच्या पानांची, चॉकलेटची, हनुवटीपर्यंत, खालचं काही दिसेना. पुण्यात रात्रीचे साडेअकरा आणि आई साडी नेसून फोनसमोर. तुमची पिजिन, म्हणजे हवाईची मिसळलेली इंग्लिश बोली, आणि आईचं इंग्लिश, दोघींना एकमेकींचं काही कळलं असेल असं वाटत नाही, तरी वीस मिनिटं बोललात, मला फोन मिळालाच नाही. आई नंतर म्हणाली, बाई चांगली आहे, तिला वड्या कळतात.

तर वड्यांची रेसिपी मागितली होतीत, बेसन वेगळं पाठवतेय, हिलोत शोधत बसू नका. चिंच-गूळ घालून पीठ घट्टच भिजवा, पान उलटं ठेवून पातळ लावा, गुंडाळी आवळून करा आणि वाफवल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, पसरतात. अंकलना पहिल्या दोन दिवसांत संपवू देऊ नका.

तुमची,
पुणेवाली